प्रशिक्षण पुरे, आता स्क्रीन दुरुस्त करा: रुग्णालये जोडणाऱ्या प्रणालीबद्दल कोकणातून खुले पत्र

प्रति,
शासकीय रुग्णालयांना जोडणारी संगणकप्रणाली ठरवणारे अधिकारी आणि तिचे कंत्राट घेतलेली कंपनी यांस,

स. न. वि. वि.

दुबार नोंदी आणि भलत्याच रुग्णाच्या नावावर चढलेले अहवाल वाढले, म्हणून आपण दोन गोष्टी ठरवल्या. सगळ्या कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण द्यायचे, आणि यापुढे चूक सापडली की ज्याच्या लॉगिनवरून ती झाली त्याला जबाबदार धरायचे. स्क्रीन बदलण्याचा विषय या निर्णयात कुठेच नाही. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. चुका होतात आणि त्या रुग्णाला भोगाव्या लागतात, हे आपल्याइतकेच आम्हालाही दिसते. पण त्यातल्या बहुतेक चुका स्क्रीनच्या मांडणीमुळे होतात. ती मांडणी तशीच राहिली तर प्रशिक्षण संपवून परतलेला माणूस सोमवारच्या ओपीडीत तीच चूक पुन्हा करणार.

आम्ही रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शासकीय दवाखान्यांत केसपेपर काढणारे, सॅम्पल लावणारे, वॉर्ड सांभाळणारे, रेफरलची (रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवण्याची) चिठ्ठी लिहिणारे आणि तपासणीयंत्रे संगणकाला जोडून देणारे लोक आहोत. रुग्णाची माहिती आमच्या हातांतून पुढे जाते आणि तिच्यातली चूक आमच्या नावावर लागते. आमच्या घरची माणसेही याच खिडकीवर रांगेत उभी राहतात.

जोडणी नको, असे आम्ही म्हणत नाही. तिची खरी गरज कोकणालाच आहे. इथला रुग्ण उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, तिथून ओरोस, रत्नागिरी वा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आणि पुष्कळदा घाट चढून कोल्हापूरला, हद्द ओलांडून गोव्यातल्या बांबोळीला किंवा थेट मुंबईला जातो. दर टप्प्यावर तेच प्रश्न आणि त्याच तपासण्या. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, प्रत्येकाच्या आरोग्यनोंदी जोडणारा १४ अंकी आभा क्रमांक आला, माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर हे मानक ठरले. पाया घातला गेला आहे. अडचण आहे ती त्या पायावर आपण जी स्क्रीन उभी केली आहे तिच्यात.

रुग्ण सापडत नाही, म्हणून नवा होतो

नोंदणीच्या पानावर सर्वांत वर आणि सर्वांत ठळक बटण आहे ‘नवीन रुग्ण’. शोधाची चौकट त्याच्याखाली, बारीक. शोध चालतो इंग्रजी स्पेलिंगवर, आणि तेही तंतोतंत जुळले तरच. मागच्या वेळी सावंत डब्ल्यू घालून लिहिले होते की व्ही, काझी के ने सुरू केले होते की क्यू ने, घाडीगावकर जोडून लिहिले होते की तोडून, हे खिडकीवरच्या माणसाला कळणार कसे? मागे रांग दाराबाहेर गेलेली असते. दोनदा शोधून सापडले नाही की हात ‘नवीन रुग्ण’ बटणाकडे जातो. दुबार नोंदीचे मुख्य कारण हेच आहे.

दुसरे कारण जन्मतारीख. वय विचारले की वयस्कर माणूस ‘साठ-बासष्ट’ सांगतो. स्क्रीन वय घेत नाही, पूर्ण तारीख मागते. मग १ जानेवारी टाकली जाते. पुढे नोंदी जुळवणारा भाग जन्मतारखेला मोठे वजन देतो आणि एकाच गावातल्या, एकाच आडनावाच्या, दोघीही १ जानेवारीला ‘जन्मलेल्या’ दोन वेगळ्या बायका त्याला एकच वाटतात. म्हणजे एकीकडे एका माणसाच्या तीन नोंदी, दुसरीकडे दोन माणसांची एक नोंद. एफएचआयआरमध्ये जन्मतारखेच्या जागी नुसते वर्ष लिहायची मुभा आहे. मानक जे चालवून घेते ते आपली स्क्रीन का घेत नाही? वयाची चौकट द्या, शेजारी ‘अंदाजे’ अशी खूण द्या, आणि अशी खूण असलेल्या नोंदी जुळवताना पाच वर्षे मागेपुढे चालवून घ्या.

तिसरे, मोबाईल. प्रणाली एका क्रमांकाला एकच रुग्ण मानते. इथे घरात एकच फोन असतो, किंवा नोंदवलेला क्रमांक मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाचा असतो. ओटीपी जातो वसई-विरारला, म्हातारी उभी इथे. मुलगा गाडीत किंवा ड्युटीवर असला की फोन उचलत नाही, ओटीपीची मुदत संपते, पान परत पहिल्यावर येते आणि भरलेले सगळे पुसले जाते. आभा क्रमांक ऐच्छिक आहे, तो नसला तरी उपचार थांबत नाहीत. तरीही त्या चौकटीवर लाल तारा आहे आणि ती रिकामी सोडली की ‘पुढे’ बटण चालत नाही. अशा वेळी खोटे काहीतरी भरण्यावाचून माणसाला वाट उरत नाही, आणि पुढे त्यालाच ‘ऑपरेटरची चूक’ म्हटले जाते.

माहेर-सासरचा प्रश्न तर कोणी विचारातच घेतलेला दिसत नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. गरोदरपणाची नोंद, हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्हीची तपासणी सासरच्या केंद्रात, सासरच्या नावाने झालेली असते. माहेरच्या रुग्णालयात आई तिचे लहानपणापासूनचे नाव सांगते. शोधात पूर्वीचे नाव किंवा वडिलांचे नाव टाकायची सोयच नाही. रात्री कळा सुरू झालेल्या बाईचा रक्तगट पुन्हा तपासावा लागतो, जोखमीची गरोदर माता म्हणून आधीच्या केंद्राने लावलेली खूण दिसत नाही.

पत्त्याचेही तसेच. कोकणात माणूस वाडीवरून ओळखला जातो. स्क्रीनवरची यादी गावाशी थांबते, आणि तीही इंग्रजी वर्णानुक्रमाने, वरून खाली सरकवत न्यायची.

यावर उपाय अवघड नाही. आधी शोध, मग यादी, आणि ‘नवीन रुग्ण’ हे बटण त्या यादीच्या तळाशी. शोध मराठीत किंवा इंग्रजीत, उच्चाराच्या जवळिकीवर चालणारा. नाव, वयाचा अंदाज, वाडी, मोबाईल यांपैकी कोणत्याही दोन गोष्टींवर जुळणारी माणसे दाखवणारा. यादीच्या प्रत्येक ओळीत पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, वाडी-गाव, शेवटची भेट कुठे आणि कधी, आणि आभाचे शेवटचे चार अंक असावेत. एवढे दिसले की खिडकीवरचा माणूस रुग्णाला एक प्रश्न विचारून खात्री करू शकतो. ‘या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या वाटतात’ अशी खूण करायची सोय आम्हाला द्या, पण नोंदी एकत्र करण्याचा अधिकार एकट्याला देऊ नका. दोघांनी पाहून एकत्र कराव्यात, आणि पुन्हा वेगळ्या करता याव्यात. दुबार नोंदीने बहुतेकदा तपासणी पुन्हा होते. चुकून एकत्र झालेल्या नोंदीने एकाचा रक्तगट आणि औषधाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते.

आकडा आहे, एकक नाही

पावसाळा आला की लेप्टोस्पायरोसिस आणि डेंगी. दोन्हींत रक्तातल्या प्लेटलेट आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावे लागते, आणि रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात असताना ते चढताहेत की उतरताहेत हेच मुख्य असते. एका यंत्रातून प्लेटलेट ‘८५’ येतात, म्हणजे मायक्रोलिटरमागे ८५ हजार. दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच ‘०.८५’ लिहितात, लाखांत. तिसरीकडे ‘८५०००’. जोडलेल्या स्क्रीनवर हे तीन आकडे एकाखाली एक दिसतात, एककाशिवाय. क्रिएटिनिन १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे १२४ मायक्रोमोल प्रति लिटर. एकक न लिहिता हे दोन आकडे शेजारी ठेवले तर रात्रपाळीच्या डॉक्टरने काय समजायचे?

हे का घडते तेही सांगतो. तपासणीयंत्रे आणि रुग्णालयांचे संगणक एकमेकांना निरोप पाठवतात ते एचएल७ या मानकाने. त्याच्या जुन्या पद्धतीच्या निरोपात निकालाच्या ओळीला ओबीएक्स म्हणतात. तिच्या पाचव्या घरात आकडा, सहाव्यात एकक, सातव्यात संदर्भमर्यादा, आठव्यात कमी-जास्तची खूण असते. यंत्र जोडताना सहावे घर भरले गेले की नाही हे कोणी तपासत नाही, आणि आपली स्क्रीन ते घर रिकामे असतानाही आकडा छापते. एकक नसलेला आकडा तुलनेच्या तक्त्यात येताच कामा नये. त्या जागी ‘एकक मिळाले नाही, प्रयोगशाळेला विचारा’ असे दिसले पाहिजे. एकक असेल तर सगळे आकडे एकाच एककात आणून दाखवावेत, मूळ आकडा शेजारी लहान अक्षरात.

वेळेचाही असाच घोळ आहे. स्क्रीनवर दिसते ती अहवाल प्रणालीत चढल्याची वेळ. डॉक्टरला हवी असते रक्त घेतल्याची वेळ. सकाळी ६ ला घेतलेल्या रक्ताचा अहवाल नेट नसल्यामुळे दुपारी ३ ला चढतो आणि १० वाजता घेतलेल्या सॅम्पलच्या वर जाऊन बसतो. प्लेटलेट उतरत असताना चढल्यासारख्या दिसतात. दोन्ही वेळा निरोपात वेगवेगळ्या घरांत येतात. फक्त कोणती दाखवायची आणि कोणत्या क्रमाने लावायची हे बदलायचे आहे.

रिकामी चौकट म्हणजे काय, हेही कळत नाही. तपासणी सांगितलीच नाही, सॅम्पल पोहोचले नाही, की अहवाल तयार आहे पण जोडणीत अडकला? तिन्हीला आज एकच रिकामी जागा आहे. अडकलेल्या अहवालांची एक यादी असते, सॅम्पलचा क्रमांक कोणत्याही रुग्णाशी न जुळलेल्यांची. ती फक्त कंपनीच्या अभियंत्याला दिसते. ती प्रयोगशाळेला दाखवा. ट्यूबवरचे नाव, रजिस्टर आणि तंत्रज्ञाची आठवण यांच्या मदतीने त्यातले बरेचसे तिथल्या तिथे लागतील.

बारकोडच्या बाबतीत एक बारीक पण रोजची गोष्ट. स्कॅनर कोड वाचल्यावर शेवटी एन्टर पाठवतो. आपल्या फॉर्ममध्ये एन्टर म्हणजे ‘जतन’. म्हणून ट्यूब स्कॅन केली की अर्धा भरलेला फॉर्म तसाच सेव्ह होतो. स्कॅनच्या चौकटीतला एन्टर फक्त पुढच्या चौकटीत न्यायला हवा. आणि लेबलच्या छपाईत कोड असा आडवा येतो की तो ट्यूबला गुंडाळला जातो. गोल पृष्ठावर वळलेल्या रेघा स्कॅनरला एकदम दिसत नाहीत. लेबल ट्यूबच्या लांबीला समांतर लागेल असे छापा.

कमी-जास्त दाखवायला फक्त लाल रंग वापरला आहे. रुग्णालयातला प्रिंटर काळा-पांढरा आहे, त्यामुळे कागदावर धोक्याचा आकडा आणि साधा आकडा सारखेच दिसतात. खाली-वर बाण आणि ‘कमी’, ‘जास्त’ असे शब्द द्या.

रेफरल: माणूस निघाला, माहिती मागे राहिली

कोकणात सर्पदंशात फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चार नेहमीचे. ग्रामीण रुग्णालयात विषप्रतिबंधक लस सुरू करून रुग्ण पुढे पाठवला जातो, आणि पुढच्या डॉक्टरला पहिल्या मिनिटात पुढील गोष्टी लागतात: दंशाची वेळ, पहिली लस सुरू केल्याची वेळ, आतापर्यंत किती व्हायल (लसीच्या कुप्या) दिल्या, २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल आणि ती केल्याची वेळ, निओस्टिग्मिन-ॲट्रोपिन ही औषधे दिली का, पापण्या पडल्या आहेत का, लघवी किती झाली. राष्ट्रीय उपचारपद्धतीप्रमाणे सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल जातात आणि गोठण्याची चाचणी सहा तासांनी पुन्हा पाहून पुढचा निर्णय होतो. किती आणि कधी हे कळले नाही तर पुढे एक तर लस पुन्हा पहिल्यापासून सुरू होते किंवा थांबून राहते.

आपल्या रेफरलच्या पानावर यातल्या एकाही गोष्टीला जागा नाही. धर्म, शिक्षण, व्यवसाय आणि शिधापत्रिकेचा रंग मात्र सक्तीचा. म्हणून डॉक्टर चिठ्ठी हातानेच लिहितात, तिचा फोटो काढून जोडतात, आणि पुढच्या रुग्णालयाला ‘अटॅचमेंट १’ अशी ओळ दिसते. ती उघडायला तीन वेळा दाबावे लागते. रुग्ण निघाला आहे याची सूचना तिथे वाजत नाही. कोणीतरी यादी उघडून पाहिली तरच कळते. १०८ ची गाडी दारात येते तेव्हा कळणे आणि ती निघताना कळणे यात घाटरस्त्याचा अख्खा वेळ असतो. तेवढ्यात व्हेंटिलेटर आणि रक्ताची तयारी होऊ शकली असती.

पाठवायच्या ठिकाणांच्या यादीत राज्याबाहेरचे रुग्णालय नाही. दोडामार्ग-सावंतवाडीचा गंभीर रुग्ण बांबोळीला जातो हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. यादीत नाव नाही म्हणून ‘इतर’ निवडायचे, आणि ‘इतर’ निवडले की माहिती कुठेच जात नाही. जोवर तिकडची प्रणाली जोडलेली नाही, तोवर एका पानाची इंग्रजी छापील चिठ्ठी निघाली पाहिजे: वर आजार आणि वेळा, मध्ये दिलेली औषधे, खाली क्यूआर, ज्यातून रुग्णाच्या संमतीने बाकीची नोंद उघडता येईल.

साधारण दहा कारणांसाठी रेफरलचे दहा छोटे नमुने करा: सर्पदंश, विंचूदंश, प्रसूतीतला रक्तस्राव, गरोदरपणातला उच्च रक्तदाब, नवजात बालक, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अपघात, विषबाधा, तापासह कावीळ किंवा रक्तस्राव. प्रत्येकात त्या आजाराच्या सात-आठच चौकटी. बाकी सगळे नोंदणीतून आपोआप यावे.

निदानाच्या यादीबद्दल एवढेच सांगतो की ती इंग्रजी वर्णक्रमाने सगळी एकदम येते. सिंधुदुर्गात काजूच्या हंगामात माकडतापाचा संशय नोंदवायचा असेल तर आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला (आयसीडी-१०) ए९८.२ हा कोड पाठ असावा लागतो. लेप्टोचा ए२७ आणि स्क्रब टायफसचा ए७५.३ तसेच. जिल्हा आणि महिना पाहून नेहमीची निदाने वर आणा, आणि मराठी नावाने शोधता येऊ द्या.

नेट जाणार, लाईट जाणार

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत गेले, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. ही मोठी उदाहरणे झाली. साध्या पावसातही झाड तारेवर पडले की लाईट जाते, आणि मोबाईल टॉवरची बॅटरी संपली की नेटही. आपली प्रणाली दर बटणाला सर्व्हरची वाट पाहते. जोडणी तुटली की पांढरे पान येते आणि भरलेले जाते.

नोंदणी, औषध देणे आणि प्रयोगशाळेची नोंद ही तीन कामे नेटशिवाय चालली पाहिजेत. माहिती आधी रुग्णालयातल्याच संगणकावर जतन व्हावी, रुग्णाला तात्पुरता क्रमांक मिळावा, आणि जोडणी आली की ती पुढे जावी. प्रत्येक नोंदीशेजारी तीन स्थिती स्पष्ट दिसाव्यात: इथे जतन झाली, पुढच्या रुग्णालयाच्या संगणकात पोहोचली, तिथल्या माणसाने उघडली. आज हिरवी बरोबरची खूण येते ती मधल्या संगणकाने निरोप स्वीकारला एवढ्यावर. सिस्टरला वाटते डॉक्टरने पाहिले. त्याने पाहिलेले नसते.

लाईट नसताना कागदावर लिहिलेले नंतर भरताना प्रणाली भरल्याची वेळ हीच उपचाराची वेळ धरते. पहाटे २ ला दिलेले इंजेक्शन सकाळी ११ चे होते, आणि पुढचा डोस त्यावरून मोजला जातो. नंतर भरलेल्या नोंदीत खरी वेळ टाकता यावी, आणि ती नंतर भरली आहे हेही दिसावे. कागदाचा नमुनाही स्क्रीनच्याच क्रमाने छापून द्या, म्हणजे भरताना वर-खाली शोधावे लागणार नाही.

चूक सांगणारे संदेश इंग्रजी आकड्यांत येतात. ‘एरर ५००’ वाचून सिस्टरने काय करायचे? ती पुन्हा बटण दाबते आणि एकाच तपासणीच्या दोन मागण्या जातात, बाळाला दोनदा सुई टोचली जाते. प्रत्येक मागणीला स्क्रीन उघडतानाच एक क्रमांक द्या, म्हणजे कितीदा दाबले तरी ती एकच राहील. आणि संदेश असा लिहा: “अहवाल इथे जतन झाला आहे. जिल्हा रुग्णालयाकडे अजून गेलेला नाही. पुन्हा पाठवू नका, जोडणी आली की आपोआप जाईल.” काय झाले, माहिती सुरक्षित आहे का, आता काय करायचे. एवढे तिन्ही त्यात हवे.

आणखी काही, थोडक्यात

मराठी नाव टाकले की काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हे जतन होतात, कारण मधल्या एका माहितीकोठारात (डेटाबेसमध्ये) युनिकोडची, म्हणजे मराठी अक्षरे साठवण्याची, सोय नाही. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवले जातात आणि म्हणून शोधात जुळत नाहीत. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली आहे, त्यामुळे वेलांट्या आणि रफार कापले जातात. मराठी कीबोर्डवरून टाकलेला ‘५’ चौकट नाकारते. यातले काहीही दुरुस्त करायला नवे संशोधन लागत नाही.

माता-बालकांसाठी आरसीएच, क्षयासाठी निक्षय, साथरोगांसाठी आयएचआयपी, लसीकरणासाठी यू-विन. प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि त्यांचे असणे ही आमची तक्रार नाही. तक्रार अशी की आपल्या पानावर ‘एकत्रीकरण’ म्हणून फक्त त्यांच्या दुव्यांची रांग आहे. एएनएमला (उपकेंद्राच्या परिचारिकेला) त्याच बाईचे नाव, वय, गाव प्रत्येक ठिकाणी पुन्हा भरावे लागते. एकदा भरलेले पुढच्या ठिकाणी तयार यावे, यालाच तर जोडणी म्हणतात.

औषधाच्या ॲलर्जीचा इशारा आणि ‘पासवर्ड दहा दिवसांत बदला’ ही सूचना सारख्याच खिडकीत, सारख्याच बटणासह येतात. माणूस दोन्ही सारख्याच सवयीने बंद करतो. जीवाशी संबंधित इशारा वेगळा दिसावा, आणि तो बंद करताना कारण निवडावे लागावे. बाकीच्या सूचना कोपऱ्यात ठेवा.

वॉर्डात एक संगणक आणि तीन सिस्टर. काही मिनिटे हात थांबला की लॉगिन तुटते, आणि पुन्हा आत यायला इतका वेळ लागतो की सगळ्या एकाच लॉगिनवर काम करतात. आता त्याच लॉगिनवरून जबाबदारी ठरवणार, हे अन्यायाचे आहे. बंद होण्यापूर्वी सूचना द्या. वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत वेळ वाढवून घेण्यासाठी किमान २० सेकंद द्यायला सांगितले आहे. अर्धवट फॉर्म मसुदा म्हणून राहू द्या, आणि छोट्या पिनने माणूस बदलता येऊ द्या. याच तत्त्वांत साध्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ असा फरक ठेवायला सांगितले आहे. आशाताईच्या फोनवर उन्हात आपली फिकट राखाडी अक्षरे दिसत नाहीत. जुन्या १३६६ गुणिले ७६८ च्या मॉनिटरवर ‘जतन’ बटण पानाच्या खाली जाते, तेही पाहा.

आता गोपनीयतेबद्दल, कारण लहान गावात ती सर्वांत नाजूक आहे. खिडकीवरचा माणूस रुग्णाच्या गावचा, कदाचित भावकीतला असतो. त्याला नोंदणीच्या पानावर आधीची सगळी निदाने दिसतात, क्षय आणि मानसिक आजारही. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे. खिडकीला फक्त ओळख आणि विभाग दिसावा, बाकी नाही. संमतीच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते आणि मजकूर इंग्रजीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळी, नेमकी, समजून दिलेली आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, आणि तिची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय असावा. रांगेत उभ्या माणसाकडून ओटीपी मागून घेणे म्हणजे त्याची संमती झाली, असे आम्ही मानत नाही.

आमच्या मागण्या

१. स्क्रीन दुरुस्त होईपर्यंत दुबार नोंद किंवा न जुळलेल्या अहवालाबद्दल कोणत्याही कर्मचाऱ्यावर लॉगिनच्या आधारे कारवाई करू नये.

२. पुढील पावसाळ्यापूर्वी चार गोष्टी बदलाव्यात: शोधाचे पान, अहवालाचे एकक व सॅम्पलची वेळ, नेटशिवाय नोंद, आणि मराठी संदेश. यांना नवी प्रणाली लागत नाही.

३. रेफरलचे नमुने वैद्यकीय अधिकारी आणि सिस्टर यांच्यासोबत बसून ठरवावेत, आणि राज्याबाहेरच्या रुग्णालयांसाठी छापील पान द्यावे.

४. न जुळलेल्या अहवालांची यादी प्रत्येक प्रयोगशाळेला रोज दिसावी.

५. कोणताही बदल लागू करण्यापूर्वी एक प्राथमिक आरोग्य केंद्र, एक ग्रामीण रुग्णालय आणि एक जिल्हा रुग्णालय इथे, तिथल्याच संगणकावर, तिथल्याच नेटवर, गर्दीच्या दिवशी, प्रत्येकी किमान पाच कर्मचाऱ्यांकडून तो वापरून पाहावा. जुना रुग्ण शोधून केसपेपर निघेपर्यंत किती सेकंद लागले, किती वेळा भलता रुग्ण निवडला गेला आणि किती वेळा मागे जावे लागले हे मोजावे. आमच्या मते जुन्या रुग्णाला ४५ सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. मोजलेले आकडे जाहीर करावेत. चाचणी खऱ्या रुग्णांच्या माहितीवर नको, बनावट नावांवर घ्यावी, पण ती नावे आणि वाड्या इथल्यासारख्या असाव्यात.

६. पुढच्या निविदेत कंपनीचा मोबदला किती केंद्रांत प्रणाली बसवली यावर नको, वरच्या मोजमापावर ठरावा. स्क्रीन बदलण्याचे काम वेगळ्या खर्चाचे मानू नये.

७. प्रत्येक पानावर ‘अडचण कळवा’ असे बटण असावे. त्यातून रुग्णाचे नाव झाकून स्क्रीनचे चित्र जावे, आणि तक्रारीचे पुढे काय झाले हे कळवणाऱ्याला दिसावे.

चाचणीसाठी माणसे, ड्युटीचे वेळापत्रक सांभाळून, आम्ही देऊ. अडलेल्या पानांची चित्रे, नावे झाकून, तयार आहेत. आपल्या बैठकीत ती दाखवायला आमच्यापैकी दोघांना बोलवावे. उत्तर लेखी द्यावे, आणि प्रत्येक मागणीसमोर हो, नाही किंवा तारीख यांपैकी एक लिहावे.

कळावे,

कोकणातल्या शासकीय रुग्णालयांत नोंदणी, प्रयोगशाळा, वॉर्ड आणि संगणक विभागांत काम करणारे कर्मचारी